सरकारी रस्ता संपतो तेथून

यंदाच्या अंकासाठी ‘वाट’ हा विषय मुक्रर केल्याचे संपादकांचे पत्र आले. घाटवाटांवर आणि पंढरीच्या वाटेवर अधिकारवाणीने लिहिणारे लेखक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत हे जाणून, जी वाट रात्रीतून नाहीशी होते आणि पहाटे कोणीतरी नव्याने उघडल्यावाचून डाकवाला, दूध नेणारी मोटार वा रुग्णवाहिका यांपैकी काहीच दारापर्यंत पोहोचू शकत नाही, अशा वाटेकडे जावे असे माझ्या मनाने घेतले. न्यूयॉर्कचे नाव घेताच गगनचुंबी इमारतींचे महानगर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्या महानगरापासून मोटारीने सुमारे पाच तास उत्तर-पश्चिमेस गेले, म्हणजे त्याच राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्व तीरापलीकडे, टग हिल नावाचे विरळ वस्तीचे, गाईगुरांचे आणि मेपल वृक्षांचे एक पठार लागते. गेल्या जानेवारीत मी त्या पठाराच्या पायथ्याशी एका वृद्ध मराठी दांपत्याकडे उतरलो होतो.

सरोवर आणि पठार

या मुलखात बर्फ इतका का पडतो, याचे कारण पायाखालच्या भूगोलात आहे. ऑन्टारिओ सरोवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे तीनशे किलोमीटर पसरले असून त्याची खोली काही ठिकाणी 244 मीटर भरते, आणि या खोलीमुळेच उन्हाळ्यात साठवलेली उष्णता ते हिवाळ्यात फार सावकाश सोडते. शेजारचे उथळ ईरी सरोवर गोठून गेले तरी ऑन्टारिओचा बहुतेक पृष्ठभाग मोकळाच राहतो. कॅनडाकडून आलेला शुष्क, थंड वारा या उबदार पाण्यावरून लांबवर वाहत येताना आर्द्रता आणि ऊब शोषून घेतो, खालची हवा वर चढू लागते, ढगांचा एक अरुंद, लांबलचक पट्टा तयार होतो आणि तो पूर्वेच्या तीरावर येऊन समोरच्या सहाशे मीटर उंचीच्या पठारावर चढता चढता आपला सारा भार तेथे उतरवतो. पट्टा अरुंद असल्यामुळे एका गावात कमरेइतका बर्फ पडत असताना वीस किलोमीटरवरच्या गावी ऊन पडलेले असते. म्हणून येथील माणूस केवळ सार्वजनिक हवामानवृत्तावर विसंबून राहत नाही, वाऱ्याची दिशा तो स्वतः पाहतो.

पठाराच्या उंच भागांत एका हिवाळ्यात दोनशे इंचांहून अधिक हिमवृष्टी होणे ही नित्याची गोष्ट आहे. हूकर या वस्तीत 1976-77 च्या मोसमात 466.9 इंच बर्फ मोजला गेला, आणि 2007 च्या फेब्रुवारीत रेडफील्ड गावी दहा दिवसांत 141 इंच, म्हणजे जवळजवळ बारा फूट बर्फ पडला. हे आकडे वृष्टीचे आहेत. पडलेला बर्फ दबत, वितळत, वाऱ्याने उडत जातो, त्यामुळे एवढी उंची एका वेळी उभी राहत नाही. परंतु पडलेल्या प्रत्येक इंचाला दारापुढून कोणीतरी हलवावे लागते.

पाते, दोर आणि पट्टा

मी ज्याचे काम पाहावयास गेलो होतो तो माझ्या यजमानांचा शेजारी, साठीच्या घरात आलेला, दुभत्या गाई पाळणारा शेतकरी होता. त्याच्याजवळ ज्याला तिकडे साइड-बाय-साइड किंवा यूटीव्ही म्हणतात तसे एक चारचाकी वाहन आहे. दोघांतिघांना शेजारी शेजारी बसता येईल असे बाक, मोटारीसारखे गोल स्टिअरिंग, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागे सामान टाकण्यासाठी कलणारा हौदा, चारही चाकांना मिळणारी शक्ती, आणि वजन एखाद्या पिकअप ट्रकच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके, असे त्याचे एकंदर रूप असते. कावासाकी कंपनीने 1988 साली ‘म्यूल’ या नावाने असे वाहन बाजारात आणले; मागाहून जॉन डिअरचे ‘गेटर’ आले, आणि मिनेसोटातील रोझो नामक अतिथंड गावी 1954 साली स्थापन झालेल्या पोलारिस कंपनीचे ‘रेंजर’ आले. ही सर्व वाहने मूळची शेतावरील ओझी वाहण्यासाठी निर्माण झाली. पुढे पाते जोडून त्यांनी बर्फ लोटता येईल, हे शेतकऱ्यांनी आणि जोडसामान बनविणाऱ्या कारखानदारांनी लवकरच ओळखले.

पाते सुमारे सहा फूट रुंद, पोलादी आणि आतल्या बाजूस वक्र असते, म्हणजे लोटलेला बर्फ त्यावरून वर चढून पुढे गुंडाळत जातो. ते ज्या दांड्यांना बसवलेले असते त्या दांड्या वाहनाच्या नाकाला न जोडता पोटाखाली, सांगाड्याच्या मध्यभागी अडकवणे श्रेयस्कर, कारण मग प्रत्येक धक्का सबंध सांगाडा झेलतो आणि पुढची चाके उचलली जात नाहीत. पाते वर उचलण्याचे काम विंच, म्हणजे तार गुंडाळणारी चरखी, करते. एका सकाळीत ते शेकडो वेळा वर-खाली होते, आणि इतक्या आखूड अंतरात पुनःपुन्हा वळणारी पोलादी तार धागा धागा तुटत जाते, म्हणून त्या शेतकऱ्याने तार काढून कृत्रिम धाग्याचा दोर बसवला आहे आणि तसाच एक जादा दोर तो बाकाखाली बाळगतो. पात्याच्या पाठीशी जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दडलेल्या दगडाला किंवा फरशीच्या कडेला धार अडली, तर त्या दबून पाते पुढे लवते, अडथळा ओलांडते आणि पुन्हा ताठ होते. या स्प्रिंगा नसत्या, तर त्या धक्क्याने एकतर पाते वाकले असते किंवा चालकाचे कपाळ समोरच्या काचेवर आपटले असते.

अशा बहुतेक वाहनांत इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते ती रबरी पट्ट्यावाटे. दोन कप्प्या, त्यांच्या बाजू वेगाप्रमाणे जवळ-दूर होणाऱ्या, आणि त्यांवरून फिरणारा पट्टा, अशी ही रचना आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तीच आहे. मात्र येथे तिच्यावर टनावारी बर्फाचा भार येतो. घाईने वरच्या गिअरात राहून कोणी ढिगाऱ्याला धडक दिली, तर पट्टा कप्पीवर घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येतो आणि वाहन वाटेच्या मध्यावर उभे राहते. सदैव खालच्या गिअरात, माणूस झपझप चालेल त्याहून थोड्या अधिक वेगाने काम करावे, हा यातला पहिला नियम; आणि नवखे लोक मोडतात तो बहुधा हाच. कुबोटासारख्या काही कंपन्यांनी पट्ट्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा वापरली आहे. ती जड आणि महाग असली तरी बर्फाच्या कामात अधिक सोशिक ठरते, असे पुष्कळांचे मत मी तेथे ऐकले.

वजन कमी असणे हा या वाहनाचा गुण आणि दोषही होय. ओल्या अंगणातली हिरवळ ते चिरडत नाही, दोन घरांमधल्या बोळातून जाते, झाडाभोवती वळते. परंतु लोटण्याची शक्ती अखेर चाकांच्या पकडीतून येते आणि पकड वजनातून. म्हणून मागच्या हौद्यात वाळूची पोती भरतात आणि चाकांना साखळ्या चढवतात.

पहाटेचे काम

पहाटे चार वाजता तो शेतकरी आला, तेव्हा रात्रीपासून चौदा इंच बर्फ पडला होता आणि पडतच होता. थांबल्यावर एकदम काढू, असे म्हणणारा माणूस येथे फसतो, हे त्याने आदल्या दिवशीच मला बजावले होते. रात्री दहाला तो एकदा येऊन गेला होता, आता ही दुसरी खेप. हौद्यात वाळू आणि बाकाखाली दोर, फावडे, थर्मास एवढा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. पात्यावर त्याने मेणाचा फवारा मारला होता, कारण ओलसर बर्फ थंड पोलादाला चिकटून राहिला तर पाते गुंडाळण्याचे सोडून नुसते ढकलू लागते आणि पुढे भिंत तयार होते.

दिव्यांच्या उजेडात समोर एक सपाट, निराकार पांढरेपणा एवढेच दिसत होते. त्यातून वाट कोठे आणि गवत कोठे हे कळते ते दोन्ही कडांना रोवलेल्या, चकाकत्या पट्ट्या लावलेल्या काठ्यांवरून. त्या काठ्या नोव्हेंबरच्या आत, जमीन गोठण्यापूर्वी रोवाव्या लागतात. नंतर मेख शिरत नाही. खडीच्या वाटेवर पाते थेट जमिनीला टेकवले तर खडीच खरवडून बागेत जाते, म्हणून पात्याच्या खाली दोन पोलादी बुटे असतात आणि ती धारेला जमिनीपासून बोटभर वर ठेवतात. मोसमातला पहिला बर्फ तो मुद्दाम पूर्ण काढीत नाही: तो दाबून गोठू देतो, त्या थराने खडी बांधली जाते, आणि पुढचे तीन महिने पाते त्या कठीण पृष्ठावरून विनाविघ्न सरकते.

प्रथम त्याने पाते एका बाजूस तिरपे करून मधोमध एक सरळ फेरी मारली; बर्फ उजवीकडे लाटेसारखा उलटत गेला. मग परत येताना दुसरी बाजू. वाहनगृहाच्या दाराशी मात्र पुढे लोटण्यास जागाच नसते. तेथे तो पाते उंच धरून दारापर्यंत जाई, ते खाली सोडी आणि मागे मागे येत बर्फ ओढून आणी, आणि मोकळ्या जागेत आल्यावर वळसा घालून तोच बर्फ पुढे लोटी. हे मागे ओढणे फार काळजीचे, कारण स्प्रिंगांचा उपयोग उलट दिशेस होत नाही.

परंतु ज्यामध्ये त्याचे खरे कौशल्य दिसले ती गोष्ट निराळीच. वाटेची शेवटची हद्द जेथे होती त्याच्याही पुढे पंधरा-वीस फूट, पार कुरणाच्या आत, तो प्रत्येक ढीग नेऊन ठेवीत होता. असे का, हे मी विचारले तेव्हा त्याने गाडी थांबवून मला नीट समजावले. आज कडेलाच ठेवलेला ढीग उद्या दगड होईल, परवाचा बर्फ त्याला अडेल, आठवड्याने दहा फुटांची वाट आठ फुटांची होईल, फेब्रुवारीत पाच फुटांची, आणि मग रुग्णवाहिका आत येणार नाही. ढिगाची जागा वारा येतो त्या दिशेला ठेवली, तर वारा त्याच ढिगाआड नवा बर्फ आणून टाकील. उताराच्या वरच्या अंगाला ठेवली, तर मार्चमध्ये ते पाणी दारात येऊन रात्री गोठेल. घर तापविणाऱ्या भट्टीच्या धुराची नळी घराच्या ज्या भिंतीतून बाहेर येते तिच्यापुढे बर्फ टाकला, तर विषारी वायू घरातच कोंडेल. बर्फ काढणे म्हणून जे काम आपण दुरून पाहतो, ते वस्तुतः बर्फ ठेवण्याचे काम आहे, आणि हंगाम संपेपर्यंतच्या सगळ्या बर्फाची जागा पहिल्याच दिवशी मनात निश्चित करावी लागते.

हिशेबाने पाहिले तर शंभर फूट लांब आणि बारा फूट रुंद वाटेवर एक फूट बर्फ म्हणजे बाराशे घनफूट. तो अगदी भुसभुशीत धरला तरी त्याचे वजन टनांत भरते. हे सारे वीस-पंचवीस मिनिटांत झाले.

हद्दीवरचा ढिगारा

आम्ही रस्त्याच्या तोंडाशी आलो, तोच टाऊनचा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचा, प्रचंड ट्रक आपले भलेमोठे पाते खाली टाकून, पिवळा दिवा फिरवीत निघून गेला आणि नुकतीच उघडलेली वाट त्याने छातीइतक्या ढिगाऱ्याने बंद केली. त्या शेतकऱ्याच्या चर्येवर राग दिसला नाही. न्यूयॉर्क राज्यात लहान रस्त्यांचा बंदोबस्त प्रत्येक टाऊनच्या हायवे सुपरिंटेंडंटकडे असतो आणि हा अधिकारी बहुतेक ठिकाणी लोकांच्या मतांनी निवडून येतो. रस्ता मोकळा ठेवणे हे त्याचे कर्तव्य, आणि कडेला फेकल्यावाचून रस्ता मोकळा होत नाही. खासगी वाटेचे तोंड मोकळे करणे हे घरमालकाचे. तो बर्फ रस्त्यापलीकडे लोटून द्यावा असा मोह होतो, पण सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून तो वाटेवरून आत ओढून बाजूस न्यावा लागतो. हा ढिगारा रात्रभर पडलेल्या बर्फासारखा हलका नसतो: ट्रकने दाबलेला, मिठाने अर्धवट विरघळून पुन्हा गोठलेला, खड्याखुड्यांनी भरलेला असतो. त्याला एकदम भिडू नये. कडेकडेने, पाते थोडे उचलून, वरून खाली थर काढीत जावे. लहान वाहनाच्या शक्तीची खरी परीक्षा या पाच-सहा हात जागेत होते.

आपल्या देशात बर्फ हटविणे हे सर्वस्वी सरकारी काम समजले जाते. झोजिला घाट उघडतो तो सीमा सडक संघटनेचे जवान अजस्र यंत्रे घेऊन वर चढतात तेव्हा. आणि पुण्याजवळ दिघीला त्या संघटनेच्या ग्रेफ दलाचे केंद्र असल्यामुळे या कामाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पण तेथे प्रश्न असतो तो मुख्य मार्गाचा. मुख्य मार्गापासून माणसाच्या उंबरठ्यापर्यंतचे अंतर कोणी उघडावे, हा प्रश्न टग हिलवर रोज पहाटे नव्याने उभा राहतो. त्याला सरकारी खजिना पुरा पडणे शक्य नाही, आणि तो केवळ घरमालकाच्या बाहुबळावर सोपवणे मला क्रूर वाटते. ही मधली जागा या लहान वाहनाने व्यापली आहे. काही शहरांनी पदपथ साफ करण्यासाठी अशीच छोटी वाहने ठेवली आहेत, कारण मोठा ट्रक तेथे मावत नाही. जेथे तशी सोय नाही, तेथे चाकाच्या खुर्चीत बसणारा माणूस चार महिने मोटारींच्या रस्त्यावरून जातो, आणि हे मला कोणत्याही संपन्न समाजाला न शोभणारे वाटले.

मुंबईहून परत गेलेली जीप

बर्फ लोटणाऱ्या हलक्या वाहनांची वंशावळ शोधताना आपल्या दाराशी यावे लागते, हे मला अनपेक्षित होते. दुसरे महायुद्ध संपताच, 1945 साली, विलिस कंपनीने रणांगणावरील जीप नागरी रूपात विकण्यास काढली, आणि शेतकऱ्यांना ती विकताना नांगर, करवत, पंप यांबरोबर बर्फाचे पातेही जोडता येते हे सांगितले. आखूड, चारही चाके चालणारी ती गाडी उत्तर अमेरिकेत पेट्रोलपंपांची आणि दवाखान्यांची आवारे उघडण्यात रुळून गेली. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि अमेरिकेत ते रूप बदलत लोपले तरी आपल्याकडे मामलेदाराच्या दौऱ्यापासून ऊसवाहतुकीच्या देखरेखीपर्यंत ते टिकून राहिले.

2018 साली महिंद्रने त्याच घाटाचे, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाचे, हाताने गिअर टाकण्याचे ‘रॉक्सर’ हे वाहन, भारतात घडवलेले भाग मिशिगन राज्यात ऑबर्न हिल्स येथे जोडून, अमेरिकन शेतकऱ्यांसाठी विक्रीस आणले. त्याचा वेग ताशी सुमारे 72 किलोमीटरला बांधलेला होता, कारण ते सार्वजनिक रस्त्याचे वाहन म्हणून नव्हे तर शेतावरचे वाहन म्हणून विकले जात होते. जीपचे नाव ज्यांच्या मालकीचे होते त्या फियाट-क्रायस्लर कंपनीने आपल्या रूपाची नक्कल झाल्याची तक्रार केली. 2020 मध्ये आयातीस मनाई झाली, मग चेहरा बदललेल्या आवृत्तीस त्याच वर्षी मंजुरी मिळाली, आणि वाद पुढेही न्यायालयांत गेला. कायद्याचा निवाडा काहीही असो. पुढे पिवळे पाते लावलेली एक रॉक्सर मला जवळच्या पुलॅस्की गावाच्या वेशीवर दिसली, तेव्हा भारतीय कामगारांनी सत्तर वर्षे जतन केलेल्या त्या चौकोनी देहाबद्दल मनात खरा अभिमान दाटून आला.

फावड्याचे मोल

माझे यजमान मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकून या भागातील लहान इस्पितळात भूल देण्याचे काम आयुष्यभर करीत आले. निवृत्तीनंतर मुलांनी उबदार राज्यात बोलावले, पण चाळीस वर्षांचा शेजार सोडवेना. ‘‘डॉक्टर, पहिल्या हिवाळ्यात तुम्हीच फावडे मारीत होता ना?’’ असे मी विचारले, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, ‘‘अहो, पासष्टीपर्यंत हेच चालले होते. मी खिडकीत उभी राहून हातात फोन धरून बघत असे.’’

डॉक्टरांनी मग जे सांगितले ते प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाने ऐकावे असे आहे. फावडे मारताना भार हातांवर पडतो, माणूस नकळत श्वास रोखून जोर लावतो, रक्तदाब एकदम चढतो, आणि त्याच वेळी थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित होतात. ज्याचे हृदय आधीच दुर्बळ आहे त्याच्यावर अशा वेळी घाला येतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत 1990 ते 2006 या काळात बर्फ उपसण्यामुळे वर्षाला सरासरी साडेअकरा हजार माणसे आपत्कालीन कक्षात आल्याचे आढळले, आणि त्यांत जे मृत्यू झाले ते सर्व हृदयविकाराने झाले. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने लहान वयात गाठतो हे लक्षात घेता, आपल्या मंडळींनी या कामात मर्दुमकी दाखवू नये, असे डॉक्टर अत्यंत कळकळीने म्हणाले.

शेजाऱ्याशी त्यांचा करार साधा आहे. काही जण प्रत्येक खेपेला पैसे देतात, काही जण हंगामाचा एकच आकडा ठरवतात. डॉक्टरांनी हंगामाचा ठरवला आहे, म्हणजे आज बोलवावे की नको असा विचार करीत बसावे लागत नाही आणि शेजारीही न बोलावता येतो. पाते पोहोचत नाही अशा पायऱ्या तो हाताने साफ करतो आणि त्यांवर मीठ पसरतो. थंडी शून्याखाली नऊ-दहा अंशांपलीकडे गेली की साधे मीठ फारसे काम देत नाही, म्हणून तो वाळू वापरतो; शिवाय मीठ झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते आणि या भागात पुष्कळ घरे विहिरीवर अवलंबून आहेत.

हंगामाच्या अखेरीची व्यवस्थाही त्याने मला दाखविली. मार्चच्या मध्याला दिवसा वितळण आणि रात्री गोठण सुरू झाली, म्हणजे मेपलच्या झाडांतून रस वाहू लागतो. त्या सुमारास तो पाते काढून गोठ्याच्या भिंतीशी उभे करतो, धारेची झिजलेली पट्टी उलटी करून पुन्हा बसवतो, पोटाखालच्या दांड्या मात्र एप्रिलपर्यंत काढीत नाही, कारण उशिराचा एखादा बर्फ येतोच. हौद्यातली वाळूची पोती उतरतात, त्यांच्या जागी रसाची टाकी चढते, आणि जी वाट त्याने नोव्हेंबरपासून उघडी ठेवली तिच्यावरूनच तो जंगलात जातो. पहिल्या उकळीच्या काकवीची एक बाटली डॉक्टरांच्या घरी पोहोचती होते आणि त्या वेळी पुढच्या हंगामाचा आकडाही दोघे दारातच ठरवून टाकतात.